अ‍ॅलर्जी आणि कोलेस्टेरॉल: आक्कांच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

आमच्या लॅबचं शटर वर गेलं की बाकड्यावर पहिल्या बहुतेक वेळा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आक्काच असतात, रात्रभर उपाशी राहिल्याचा सगळा राग तोंडावर घेऊन. वय पासष्टच्या पुढं, दमा जुना, पावसाळा लागला की अंगावर पित्त उठतं, आणि गेल्या वर्षापासून डॉक्टरांनी सहा-सहा महिन्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला सांगितलंय. मागच्या वेळी दंडाला पट्टा बांधत होतो तर म्हणाल्या, "व्हय रं, अ‍ॅलर्जी असली की कोलेस्टेरॉल वाढतंय म्हणं? आमच्या भजनाच्या ग्रुपवर आलंय. मी तर वाचल्यापासनं नातवाचं तूप बंद केलंय. दिवसभर शिंकतंय पोरगं."

आता सुई टोचता टोचता काय सांगणार. "आक्का, तुपाचा काही संबंध नाही" एवढंच म्हणालो आणि ते त्यांना पटलं नाही हे तोंडावरच दिसलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही, रक्त काढणं, ट्यूब फिरवणं, मशीनला लावणं आणि रिपोर्ट छापणं हे माझं काम, पण चौदा वर्षं तेच करतोय त्यामुळं हे दोन्ही रिपोर्ट, अ‍ॅलर्जीचा आणि चरबीचा, हजारो वेळा हाताखालून गेलेत आणि लोक दोन्हींचा काय काय अर्थ लावतात तेही ऐकलंय.

आधी चरबीचं बघू. तांबडा रस्सा वाटीत वाढला की वर कट येतो, बरोबर? तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. आपलं रक्त म्हणजे जास्ती करून पाणीच, मग त्यातनं चरबी न्यायची कशी, रक्तावर असा कट आला असता तर माणूस जगलाच नसता. म्हणून लिव्हर आणि आतडं या चरबीला प्रोटीनच्या आवरणात बांधून बारीक बारीक गोळ्या करून रक्तात सोडतात. एलडीएल म्हणजे लिव्हरकडून शरीरभर कोलेस्टेरॉल पोचवणारी गाडी, तिचा माल जास्त झाला की तो रक्तवाहिनीच्या भिंतीत साठतो म्हणून तिला वाईट म्हणतात. एचडीएल म्हणजे उरलासुरला माल परत आणणारी. आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे इंधनाची चरबी, जेवल्यावर वाढते, दारूनं वाढते, साखरेनं आणि पोटाच्या घेरानंही वाढते. ही मला डोळ्यांनी दिसते बघा. एखाद्याचं ट्रायग्लिसराइड लई वाढलेलं असलं की ट्यूब फिरवल्यावर वर जो पिवळसर, नितळ सीरम यायला पाहिजे तो दुधासारखा पांढरा येतो. आमच्यात त्याला "पांढरा रस्सा आला" असंच म्हणतात. आखाड संपत आला की असे सीरम जास्त बघायला मिळतात, कारण सांगायला नको.

आणि कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते लागतं, ड जीवनसत्त्व त्याच्या घराण्यातल्या पदार्थापासून होतं, आणि किडनीवरच्या टोपीसारख्या ग्रंथीत कॉर्टिसॉल नावाचं जे हार्मोन तयार होतं त्याचा कच्चा माल कोलेस्टेरॉलच. हे कॉर्टिसॉल पुढं परत येणार आहे, आक्कांच्या पर्समधनं.

आता अ‍ॅलर्जी. शरीराचा पहारेकरी चुकीच्या माणसाला चोर समजतो, एवढंच आहे ते. धुळीतले किडे, परागकण, बुरशी, कोळंबी, शेंगदाणा, काहीही. आपल्याकडं तर कारणांना तोटा नाही, २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या घरांतल्या भिंती महिनोन्महिने ओल्या होत्या आणि त्यावर काळी बुरशी, मग थंडीत उसाचं पाचट पेटवतात त्याचा धूर (धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण आधीच चिडलेल्या श्वासनळीला तो पुरतो). तर या चुकीच्या चोराविरुद्ध शरीर आयजीई नावाची अँटीबॉडी बनवतं, ती जाऊन मास्ट सेल नावाच्या पेशींवर चिकटून बसते, आणि पुढच्या वेळी तो पदार्थ आला की ती पेशी फुटल्यासारखी होऊन आतला दारूगोळा बाहेर टाकते. त्यातलं हिस्टामाइन सगळ्यांना माहितीय, त्यानं खाज, शिंका, नाकातनं पाणी.

या मास्ट सेलच्या नावाची गंमत सांगतो. पॉल एर्लिख नावाचा जर्मन शास्त्रज्ञ, त्यानं १८७८ मध्ये रंग वापरून या पेशी दाखवल्या तेव्हा त्यांच्या पोटात दाणेच दाणे दिसले, त्याला वाटलं या खाऊन खाऊन पुष्ट झाल्यात, आणि जर्मनमध्ये जनावराला चारून धष्टपुष्ट करणं म्हणजे मास्ट. आपल्या भाषेत सांगायचं तर खुराक लावलेल्या पेशी, तालमीतल्या पैलवानासारख्या. त्याचा अंदाज चुकला, ते दाणे खुराक नव्हते, हिस्टामाइन आणि इतर मालमसाला होता. नाव मात्र तेच राहिलं.

आता खरा मुद्दा. मास्ट सेलचा दारूगोळा दोन प्रकारचा. हिस्टामाइन तयार असतं, डब्यात भरून ठेवलेल्या चटणीसारखं, झाकण उघडलं की बाहेर. पण दुसरा माल ताजा बनवावा लागतो, आणि तो कशापासून बनतो? चरबीपासून. प्रत्येक पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड नावाचं एक फॅटी अ‍ॅसिड असतं, गरज लागली की एक एन्झाइम ते कापून काढतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन तयार होतात. हे ल्युकोट्रिन श्वासनळी आवळतात, हिस्टामाइनच्या कितीतरी पट जोरात आणि जास्त वेळ. दम्याच्या माणसाचा शिंकेच्या गोळीनं दम का सुटत नाही त्याचं एक कारण हेच. बेंग्ट सॅम्युअलसन यांनी १९७९ मध्ये त्यांना हे नाव दिलं, आणि १९८२ चं नोबेल त्यांना या चरबीपासून होणाऱ्या रसायनांवरच्या कामासाठी दोघांबरोबर मिळालं. मेडिकलमध्ये तुम्ही जी माँटेलुकास्टची गोळी घेता ना, बहुतेक वेळा लिव्होसेट्रिझिन या शिंकेच्या गोळीबरोबर जोडलेली, ती या ल्युकोट्रिनचं काम अडवते. (ती पोरांना चालू केल्यावर पोरगं एकदम चिडचिड करायला लागलं, झोपेत घाबरून उठायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, अमेरिकेत २०२० पासून तिच्यावर त्याबद्दल मोठा इशारा छापतात.)

म्हणजे अ‍ॅलर्जीत चरबीचा हात आहे हे शंभर टक्के खरं. पण ही चरबी पेशीच्या भिंतीतली, चिमूटभर, जागच्या जागी वापरली जाणारी. लिपिड प्रोफाइलमध्ये आम्ही मोजतो ती रक्तातनं फिरणारी वाहतूक. मला वाटतं मेसेज लिहिणाऱ्याचा घोटाळा इथंच होतो, दोन्हीकडं "लिपिड" शब्द दिसला की जोडून टाकलं. घरच्या विटेत माती असते आणि शेतातही माती असते, म्हणून शेतात पाऊस कमी पडला तर घर पडत नाही.

असाच घोटाळा एक्झिमाचा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाज सुटण्याच्या आजाराचा. कातडीच्या वरच्या थरात पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधला गिलावा चरबीचा, त्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. एक्झिमावाल्यांचा हा गिलावा भुसभुशीत असतो, बऱ्याच जणांत फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमध्येच दोष असतो, हे २००६ मध्ये कळलं. मग ओलावा बाहेर जातो आणि अ‍ॅलर्जीचे पदार्थ आत. पण तो गिलावा कातडी आपला आपण बनवते. रिपोर्टात कोलेस्टेरॉल २४० आलं म्हणून कातडी मऊ होत नाही आणि १५० आलं म्हणून कोरडी पडत नाही. त्यावर वरनं मॉइश्चरायझर चोळायचं, दिवसातनं दोनदा, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच.

बरं, मग लोकांची तपासणी करून बघितलं तर काय दिसतं? इथं खिचडी आहे. काही अभ्यासांत दमा किंवा एक्झिमा असलेल्या पोरांत आणि मोठ्यांत कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड थोडं जास्त दिसलं. काहींत काहीच फरक नाही. आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांवर २००९ मध्ये एक अभ्यास आला त्यात तर उलटंच, सध्या दमा असलेल्यांचं कोलेस्टेरॉल सरासरीनं थोडं कमी निघालं, आणि तेही मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांत. आता यातला एकच अभ्यास उचलून कोणी बातमी केली की आपल्या भजनाच्या ग्रुपवर पोचतंय.

हे असं उलटसुलट का येतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच आक्कांचं उत्तर आहे. बहुतेक अभ्यास एकाच दिवशी दोन्ही मोजतात, अ‍ॅलर्जी आहे का आणि चरबी किती. त्यातनं आधी कोण आलं ते कळत नाही. रंकाळ्यावर सकाळी चालणाऱ्यांची तपासणी केली तर त्यांच्यात शुगरवाले भरपूर सापडतील, म्हणून चालल्यानं शुगर होते का? होती म्हणूनच डॉक्टरांनी चालायला लावलंय.

दुसरं म्हणजे मधला माणूस. वजनाचंच उदाहरण घ्या. पोट सुटलं की चरबीचा साठा गप्प बसत नाही, तो लेप्टिनसारखी हार्मोन आणि सूज वाढवणारी रसायनं सोडतो, शिवाय पोट छातीच्या पडद्याला खालनं ढकलतं, त्यामुळं दमा बिघडतो. त्याच वजनानं ट्रायग्लिसराइड वाढतं आणि एचडीएल पडतं. म्हणजे दमा आणि चरबी एकमेकांचे कोणी नाहीत, दोघांना वर आणणारा तिसराच. आणि चक्र उलटंही फिरतं, दम लागतो म्हणून जिना नको, चालणं नको, रात्री नाक बंद म्हणून झोप नाही, खाजवून खाजवून झोप नाही, झोप नसली की भूक वाढते, मग वजन. जुन्या पद्धतीच्या काही अँटीहिस्टामाइन गोळ्या तर थेट भूक वाढवतात, सायप्रोहेप्टाडिन तर पोराला भूक लागत नाही म्हणून आणून देणारे आईबाप मी बघितलेत, मूळ औषध अ‍ॅलर्जीचं आहे हे त्यांना माहितीच नसतं.

पण सगळ्यात मोठा मधला माणूस म्हणजे स्टेरॉइड. मघाशी म्हणालो ना कॉर्टिसॉल कोलेस्टेरॉलपासून बनतं, प्रेडनिसोलोन वगैरे औषधं त्याचीच भावंडं, रेणूचा सांगाडा तोच चार कड्यांचा. ही औषधं अ‍ॅलर्जीवर जबरदस्त चालतात कारण ती मुळावरच बसतात, ते अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड कापून काढणंच आवरतात, म्हणजे ल्युकोट्रिन पण नाही आणि प्रोस्टाग्लँडिन पण नाही, शिवाय सूज आणणाऱ्या पेशींना घरी बसवतात. दम्याचा जोरदार अटॅक आला तर ते जीव वाचवतं, त्याबद्दल वाद नाही. पण महिनोन्महिने पोटात गेलं तर लिव्हर चरबी जास्त बनवायला लागतं, शुगर चढते, भूक खवळते, तोंड गोल होतं, हाडं ठिसूळ होतात, आणि आमच्या मशीनवर कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड दोन्ही वर जातात.

इथं लोक इनहेलरला घाबरतात आणि गोळीला घाबरत नाहीत, हे मला कधीच कळलं नाही. हिशोब करा. इनहेलरमधनं दिवसाला समजा ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड (तेही स्टेरॉइडच) गेलं, आणि अटॅकला प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅमची गोळी घेतली, तर गोळीत माल वजनानं शंभर पट. औषधं वेगळी आहेत त्यामुळं जोर नेमका शंभर पट असं नाही म्हणता येत, पण इनहेलरचा माल फुप्फुसात जागेवर जातो आणि गोळीचा रक्तातनं अंगभर, एवढा फरक पुरे. "पंप लागला की सवय लागते" म्हणत पंप टाळायचा आणि दर महिन्याला अटॅक आला की गोळ्या-इंजेक्शन घ्यायचं, मग रिपोर्ट बिघडला की अ‍ॅलर्जीला दोष. एक्झिमा फारच वाढला तर सायक्लोस्पोरिन किंवा नवीन जॅक इनहिबिटर ही प्रतिकारशक्तीला आवरणारी औषधं देतात, त्यांनीही रक्तातली चरबी वाढू शकते, म्हणून ती चालू असताना डॉक्टर अधूनमधून लिपिड करायला सांगतात.

आणि पुडी. दम्याची पुडी, खाजेची पुडी, अमावस्येला मिळणारी, पंधरा दिवसांची एकदम देणारी, "शुद्ध आयुर्वेदिक" म्हणून. सगळ्याच पुड्या तशा असतात असं नाही, पण ज्या पुडीनं वीस वर्षांचा दमा दोन दिवसांत बंद होतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली सापडते, हे आपल्या देशात अनेकदा तपासणीत निघालेलं आहे. आक्कांचा रिपोर्ट आला तेव्हा ट्रायग्लिसराइड ३१२, फास्टिंग शुगर १३४, आणि तोंड गेल्या वेळेपेक्षा चांगलंच भरलेलं. मी विचारलं, "आक्का, दमा कसाय?" तर खूश होऊन म्हणाल्या, "आता काय न्हाय बघ, एकदम ग्वाड," आणि पर्समधनं कागदाची पुडी काढून दाखवली. कुठली ते मी इथं सांगत नाही.

आता लगेच कोणी घरच्या माणसाची पुडी हिसकावून नाल्यात टाकू नका. स्टेरॉइड बरेच दिवस बाहेरनं आलं की किडनीवरची ती ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडून देते, आणि मग एकदम बंद केलं तर बीपी पडून, चक्कर येऊन जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरकडं जायचं आणि ते सांगतील तसं हळूहळू उतरवायचं.

टेस्ट कधी करायची हेही लोक बघत नाहीत. ताप आहे, छातीत कफ भरलाय, नुकता दम्याचा अटॅक येऊन गेलाय, अशा वेळी लिपिड करू नका. अंगात जोराची सूज असली की एलडीएल, एचडीएल खाली येतात आणि ट्रायग्लिसराइड वर जातं, त्यामुळं कोलेस्टेरॉल खोटंच चांगलं दिसतं. पूर्ण बरं झाल्यावर काही आठवडे जाऊ द्या. मघाच्या अभ्यासांत खिचडी व्हायचं हेही एक कारण असू शकतं, कोणाचं रक्त कधी काढलं त्यावर आकडा हलतो. आणि बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल थेट मोजलेलं नसतं, १९७२ च्या फ्रीडवाल्डच्या सूत्रानं काढलेलं असतं, टोटलमधनं एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते सूत्र चालत नाही, मग थेट एलडीएल मोजून घ्यायला लागतं. आयजीईचंही तसंच, ते जास्त आलं म्हणजे अ‍ॅलर्जीच असं नाही, पोटात जंत असले तरी वाढतं.

अ‍ॅलर्जी आणि रक्तातल्या चरबीचा खरोखर थेट वाटणारा एक संबंध आहे, आणि तो नेमका मटणाशी आहे म्हणून कोल्हापूरकरांना सांगायलाच पाहिजे. काही लोकांना विशिष्ट गोचीड चावल्यावर अल्फा-गॅल नावाच्या साखरेची अ‍ॅलर्जी होते. ही साखर बोकड, मेंढी, गाय, डुक्कर यांच्या मांसात असते, माणसात नसते. खाल्ल्या खाल्ल्या काही होत नाही, तीन ते सहा तासांनी, म्हणजे रात्री जेवून झोपलेला माणूस मध्यरात्री अंगभर पित्त उठून जागा होतो. कोंबडी किंवा मासा खाल्ला तर काही नाही. अमेरिकेत एका कॅन्सरच्या औषधाला लोक भयंकर रिअ‍ॅक्शन देत होते, त्याच्या मागावर जाता जाता २००८-०९ च्या सुमाराला हे उलगडलं. एवढा उशीर का, तर आजचा अंदाज असा की ती साखर मांसातल्या चरबीला चिकटलेली असते आणि चरबी पचून, गोळ्या बांधून रक्तात यायलाच तेवढे तास लागतात. म्हणजे ट्रायग्लिसराइडची गाडी आली की त्यातनं अ‍ॅलर्जी उतरते. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात हे बरंच सापडतं. आपल्याकडं फारसं ऐकू येत नाही, त्यामुळं तांबडा-पांढरा खाऊन पोट बिघडलं की लगेच अल्फा-गॅल म्हणू नका, ते बहुतेक वेळा तुमच्या हाताला आवर नसल्यामुळं.

हृदयाचंही एक वाक्य. मास्ट सेल रक्तवाहिनीच्या भिंतीतही असतात, चरबी साठलेल्या जागी तर जास्तच. जोरदार अ‍ॅलर्जीत त्या फुटल्या की हृदयाची नळी आवळू शकते, त्याला कुनिस सिंड्रोम म्हणतात, निकोलस कुनिस या ग्रीक डॉक्टरांनी १९९१ मध्ये वर्णन केलेलं. दुर्मिळ आहे, पण अ‍ॅलर्जीच्या झटक्यात छातीत दुखायला लागलं तर "पित्त असेल" म्हणून घरी बसायचं नाही. उलट दिशेनं, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी देऊन दमा सुधारतो का तेही करून बघितलंय, भरवसा ठेवावा असं काही निघालं नाही. म्हणून दम्यासाठी कोणी स्टॅटिन देत नाही, पण दमा आहे म्हणून हृदयासाठी लिहून दिलेली स्टॅटिन बंद करायचंही कारण नाही.

आक्कांना मी पुडीसकट त्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी पुडी ठेवून घेतली, मोजलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलं, इनहेलर चालू केला आणि तो ओढायचा कसा ते समोर करून घेतलं. तीन महिन्यांनी परत रक्त. परवा आल्या होत्या नातवाला घेऊन, त्याच्या सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी), म्हणाल्या पंप घेते पण पुडीवानी गुण न्हाय रं. पोरगं बाकड्यावर बसून शिंकतच होतं. विचारलं तर म्हणाल्या तूप त्याच दिवशी चालू केलं, शिंका तेवढ्याच आहेत, आता गादी उन्हात टाकून बघते.